बाटलीतले धान्य

चिंचवड, ११ ऑगस्ट १९५७

चि. सुमन हीस आशीर्वाद.

डॉक्टरांनी परवा मला सांगितले, की वजन असेच उतरत राहिले तर दिवाळीला मी उभी नसेन. म्हणून हे पत्र. सात वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आजही आपण होऊन लिहिली नसती. बार्शीचा पत्ता मामींकडून मिळवला. पाकीट तुझ्या यजमानांच्या, रंगरावांच्या, हाती आधी पडले तर त्यांनी ते तुला द्यावे, फाडू नये.

आजाराचे सांगते. लहानपणी सणाच्या दुसऱ्या दिवशी मी कधी शाळेत गेले नाही, हे तुला आठवत असेल. आई म्हणायची, दुर्गीला पुरण बाधते. बाधत होते ते पुरण नव्हे, पोळी. वैद्य संग्रहणी म्हणून पुड्या देत राहिले. गेल्या वर्षी पुण्यात विलायतेहून आलेल्या एका डॉक्टरांनी तपासले. त्यांनी आजाराचे नाव सीलियाक असे सांगितले. गव्हातला काही अंश अशा माणसाच्या आतड्याला सोसत नाही, आतडे आतून झिजते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. औषध नाही. गहू आणि जव जन्मात पोटात जाऊ द्यायचे नाहीत, एवढाच उपाय. तांदूळ, ज्वारी, बाजरी, मका चालतो.

मी तो उपाय कसा केला असेल ते तुला सांगायला नको. पोळपाट-लाटणे बंबात घातले. जुन्या जात्यात गव्हाचे पीठ अडकलेले असते म्हणून ते उचलून दिले आणि चाकणच्या बाजारातून नवे आणवले. देवळातला शिरा हातावर घेतला नाही, तेव्हा शेजारच्या बायका महिनाभर बोलल्या नाहीत. भाकरी थापायला सरुबाई येते. तिला हात धुवायला लावते तेव्हा ती म्हणते, "आवं बाई, गहू म्हंजी काय इख हाय व्हय? समद्या गावाला पचतोय." मी तिला म्हणते, गावाला पचतो, मला नाही, हात धू.

सहा महिन्यांत गाल भरले. वर्गावर चालत असे तशी चालू लागले. मग होळीपासून पुन्हा घसरण लागली. पोट फुगते, जीभ सोलल्यासारखी झाली आहे, केस हातात येतात. परवा डॉक्टरांनी टेबलावर पेन्सिल आपटत विचारले, "बाई, काहीतरी पोटात जाते आहे. काय?"

"काही नाही."

"आठवून सांगा."

"मी मुख्याध्यापिका होते. विसरणे हा माझा दोष नाही."

आता ते म्हणतात, मुंबईच्या इस्पितळात महिनाभर राहा. तिथे नर्स देईल तेवढेच पोटात जाईल आणि चोर कुठला ते कळेल. मला तिथे जायचे नाही.

दुसरे एक काम आहे. आमच्या दारूबंदी प्रचार समितीसाठी मी पत्रक लिहिते आहे. त्यासाठी एक माहिती हवी. काळी बिअर, जिला इंग्रजीत स्टाउट म्हणतात, ती कोणत्या धान्याची करतात? कोशात पाहिले. तिथे 'जव किंवा इतर धान्य' एवढेच दिले आहे. इतर म्हणजे काय? तांदूळ? मका? खडकीकडचा तो बिअरचा कारखाना बंद पडेपर्यंत रंगराव तिथे कोठीवर होते. गोणी त्यांच्यासमोर उतरत. मला वाटते, इकडे तांदळाचीच करत असतील, आपल्याकडे जव पिकतात तरी किती? त्यांना विचारून कळव.

घाई आहे.

तुझी अक्का

चिंचवड, २६ ऑगस्ट १९५७

चि. सुमन हीस आशीर्वाद.

कार्ड मिळाले. प्रकृतीबद्दल चार ओळी लिहिल्यास, बरे वाटले. खाली रंगरावांचे म्हणून जे वाक्य तू उतरवलेस, 'पत्रकासाठी सांगणार नाही, प्यायला विचारत असाल तर सांगतो', ते मला आवडले नाही. पोस्टकार्डावर तर मुळीच नाही. आमचा पोस्टमन कार्डे वाचतो आणि हसून हातात देतो.

त्यांचा राग मी समजू शकते. पण १९५० साली मी केले ते कायद्याला धरून केले. सरकारने दारूबंदी आणली, मी समितीची अध्यक्षा झाले आणि माझ्याच बहिणीच्या पलंगाखाली कारखान्यातल्या बाटल्या. मी लोकांच्या दारात उभी राहून काय तोंडाने बोलणार होते? चौकीवर गेले ते उघड गेले, निनावी चिठ्ठी पाठवली नाही. दंड होईल अशी माझी समजूत होती. रंगरावांना तीन महिन्यांची कैद होईल असे वाटले नव्हते. ते असो.

गेल्या रविवारी समितीच्या सभेत मी पडले. बोलता बोलता समोरची माणसे पांढरी दिसू लागली. शुद्ध आली तेव्हा सतरंजीवर होते आणि आमचे चिटणीस यशवंतराव तोंडाशी वाकून विचारत होते, "बाई, काय होतंय?" मी मान फिरवली. त्यांना वाटले, मला मळमळते आहे. लवंग मी सभेच्या आधी चघळली होती, पण लवंग किती वेळ पुरते?

आता खरे कारण लिहिते. माहिती पत्रकासाठी नको आहे. समितीतल्या एका बाईंसाठी हवी आहे. नाव सांगणार नाही. बाई शिकलेल्या आहेत, वयस्क आहेत. त्यांच्या अंगात रक्त कमी होते. दिघीच्या बाजूला एका सुभेदारांचे बिऱ्हाड होते. त्यांची बायको रुक्मिणीबाई या बाईंकडे इंग्रजी वाचायला शिकायला येई. फौजेला दारूबंदी नाही. संक्रांतीला ती तिळगुळाबरोबर पदराखालून एक काळी बाटली घेऊन आली.

"हे काय?" बाईंनी विचारले.

"टानिक हाय, बाई. साहेब लोकं बाळंतिणीला देत्यात. रगत वाढतं."

"मी बाळंतीण आहे का?"

"न्हाई. पर रंग तर बाळंतिणीचाच दिसतोय की."

या बाई हसल्या आणि बाटली ठेवून घेतली. चव कडू होती, आणि कडू होती म्हणूनच ती औषध वाटली. रोज दिवेलागणीला अर्धा पेला. त्या एकादशीलाही घेत, कारण औषधाने उपवास मोडत नाही हे आपण आईकडूनच शिकलो. त्यांच्या डॉक्टरांनी काय खाता असे विचारले तेव्हा त्यांनी भाकरी सांगितली, भात सांगितला, ताक सांगितले. औषध हे खाण्यात कोण धरते?

त्या बाईंनाही गहू आणि जव वर्ज्य आहेत. योगायोग आहे.

गणपती तोंडावर आले आहेत. घरोघर रवा भाजल्याचा वास सुटेल आणि मी खिडक्या लावून बसेन. सुमन, ती बिअर तांदळाची असेल तर नुसते 'तांदूळ' एवढे लिही. एक शब्द पुरे. पाकिटात घाल.

अक्का

चिंचवड, ७ सप्टेंबर १९५७

सुमन,

पाकीट उघडले. कागदावर रंगरावांच्या हातचा एक शब्द होता, 'जव'. त्याखाली तुझ्या अक्षरात: 'अक्का, तू कधीपासून घेतेस?'

संक्रांतीपासून. तुला लिहिलेच आहे.

आता तुझ्यापुढे मोठेपणा मिरवण्यात अर्थ नाही, तेव्हा सरळ लिहिते. अर्ध्या पेल्याचा पेला झाला. पेल्याची बाटली कधी झाली ते मला सांगता येत नाही, आणि विसरणे हा माझा दोष नाही असे मी डॉक्टरांना म्हणाले होते. मे महिन्यात सुभेदारांची बदली झाली. जाताना रुक्मिणीबाईने दोन खोकी आणून ठेवली, "बाईंना वरीसभर पुरंल" म्हणाली. मी नको म्हणायला हवे होते. मी तिला खोकी कुठे ठेवायची ते दाखवले.

जवाचा शब्द वाचला त्या दिवशी मी कपाटाला कुलूप घातले. किल्ली पिठाच्या डब्यात पुरली. पहिल्या संध्याकाळी मी विणकाम घेतले. दुसऱ्या दिवशी सरुबाई म्हणाली, "बाई, घाम का म्हनून सुटलाय?" मी तिला उकाडा सांगितला. तिसऱ्या दिवशी पोट थोडे हलके वाटले. कित्येक महिन्यांत वाटले नव्हते. पाचव्या दिवशी, दिवे लागले आणि मी डब्यात हात घातला.

हे नीट वाच. जव आहेत हे माहीत असताना मी ती बाटली उघडली. आत काय आहे आणि ते माझ्या आतड्याचे काय करते हे चांगले समजून, ओठांना लावली. पोळपाट जाळणारी मी. दुसऱ्या दिवशी मला अंथरुणातून परसाकडे जाता आले नाही. सरुबाईने सगळे निस्तरले आणि जाता जाता म्हणाली, "माज्या हातचं पीठ न्हाई हं बाई ह्यात. मी हात धुतले व्हते." मी तिच्याकडे बघू शकले नाही.

मला मरणाची भीती वाटते. ती होती, आहे. पण दिवस कलू लागला की जी वाटते ती निराळी. घरात आणखी एक बाई राहते आणि ती पिठाच्या डब्याकडे चालत जाणार आहे, मी तिला हाक मारली तरी ती वळणार नाही, अशी काहीतरी. चाळीस मुलींचा वर्ग माझ्या नजरेने गप्प बसत असे. ही बसत नाही.

तू म्हणशील, ओतून टाक. मोरी यशवंतरावांच्या दारावरून वाहते. त्यांच्या बायकोला माझ्या फोडणीत हिंग किती ते घरबसल्या कळते. बाटल्या फोडल्या तर आवाज, पुरायला अंगण फरशीचे. आजाराच्या कारणाने परवाना मिळतो हे मला ठाऊक होते. पण अर्जावर नाव लिहावे लागते.

डॉक्टरांना सांगायचे तर तेही अवघड. जूनमध्ये आमच्या सभेला तेच पाहुणे होते. दारू आणि कुटुंबाची वाताहत यावर मी बोलले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हाही माझ्या तोंडात लवंग होती.

तू येऊ नको. मला कोणी अशी बघू नये. हे पत्र वाचून जाळ.

अक्का

चिंचवड, १५ सप्टेंबर १९५७

चि. सुमन हीस,

मी येऊ नको म्हटले आणि तू नवऱ्याला पाठवलेस. लहानपणापासून तुझी ही खोड आहे. सांगितलेले ऐकायचे आणि त्यातूनच वाट काढायची.

काल सकाळी दार वाजले. मला वाटले, सरुबाई. उघडले तर रंगराव, हातात वळकटी आणि कातडी पिशवी. केस पांढरे झाले आहेत, हे तू कळवले नव्हतेस. मी दारातच उभी राहिले. घराच्या झडतीला आल्यासारखे वाटले आणि खरे सांगते, पहिल्या क्षणी मी मागे चौकीचा शिपाई आहे का ते पाहिले. सूड घ्यायचा तर त्यांना याहून चांगला दिवस मिळाला नसता.

"आत येऊ का अक्का, का आधी वॉरंट दाखवू?" ते म्हणाले.

मी बाजूला झाले. चहा ठेवला. मग म्हणाले, "जेवायला पोळी मिळणार नाही इथे."

"भाकरी चालेल. येरवड्यातही भाकरीच होती."

चहा झाल्यावर त्यांनी विचारले, "कुठे आहेत?" मी कपाट उघडले. ते खाली बसले, एक बाटली उजेडाकडे धरून पाहिली आणि नाक मुरडले. "अक्का, ही बिअर पण चांगली नाही हो. एवढा धर्म बाटवला तर निदान बरी तरी प्यायची." सुमन, मला हसू आले. किती महिन्यांनी आले ते ठाऊक नाही. मग रडू आले. ते उठून परसात गेले आणि बराच वेळ नळाखाली पाय धूत राहिले.

दुपारी ते मला पुण्याला घेऊन गेले. रस्त्यात मी म्हणाले, डॉक्टरांना तुम्हीच सांगा. ते म्हणाले, "मी सांगितलं तर ती चहाडी होईल. ते खातं तुमचं." आत एकटी गेले.

डॉक्टरांना सांगितले. काय, किती, कधीपासून. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "स्टाउट! बाई, त्यात जवच असतात. भाकरी खाऊन वर तुम्ही रोज जव पीत होता."

"आता कळले."

"आधी का नाही सांगितलेत?"

"तुम्ही खाण्याचे विचारले होते."

ते रागावले नाहीत. त्याची मी तयारी करून गेले होते, ती वाया गेली. आणि मग मी जे विचारले ते तुलाच लिहिते, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. मी विचारले, "द्राक्षांची असते ती चालेल का? तिच्यात धान्य नसते."

"जव नसतात, हे खरे," डॉक्टर म्हणाले. "सीलियाकपुरते मला त्यात काही म्हणता येणार नाही. पण बाई, जव कसे टाळायचे ते मी सांगू शकतो. हा जो प्रश्न तुम्ही आत्ता विचारलात, त्याची भीती मला जवापेक्षा जास्त वाटते."

मलाही वाटते. प्रश्न माझ्या तोंडून गेला तेव्हा आवाज माझा नव्हता, त्या दुसऱ्या बाईचा होता.

इस्पितळात जायचे ठरले, बुधवारी. डॉक्टर म्हणतात, एकदम सोडताना अंगाला त्रास होतो, तो घरी एकटीने काढू नये. आतडे भरून येईल का, असे मी विचारले. वेळ लागेल, म्हणाले. येईल असे म्हणाले नाहीत, येणार नाही असेही नाही. तू मुंबईला ये. हे मी मागच्या पत्राच्या उलट लिहिते आहे, ते समजून घे.

समितीचा राजीनामा लिहून यशवंतरावांकडे दिला. कारणात 'प्रकृती' असे लिहिले. खोटे नाही. पूर्ण खरे लिहायला हात पुढे गेला नाही, तेवढे धैर्य अजून नाही.

काल संध्याकाळी दिवे लागले तेव्हा रंगराव कपाटाला पाठ टेकून बसले आणि बार्शीच्या गिरणीतल्या गमती सांगत राहिले. मी तीनदा उठले. तिन्ही वेळा ते म्हणाले, "बसा अक्का, गोष्ट संपली नाही." त्यांना गोष्ट सांगता येत नाही. शेवट आधीच सांगून टाकतात.

आज ते बाटल्या नेणार आहेत. तळेगावला त्यांच्या ओळखीचा कोंडीराम नवी विहीर खणतो आहे. तिथल्या उकरलेल्या मातीत ओतून, बाटल्या मुरमाखाली पुरायच्या. पण तळेगावला जायचे तर स्टेशन ओलांडायला हवे, आणि हल्ली तिथे शिपाई पिशव्या उघडतात. दुसऱ्या गुन्ह्याला शिक्षा पहिल्याहून मोठी. हे पत्रकात मीच छापले आहे, जाड टाइपात.

मी म्हणाले, "राहू द्या. पकडले तर तुमचे काय होईल?"

"मागच्या वेळी झालं तेच, जरा जास्त."

"सुमनला काय सांगू?"

"सुमननेच पाठवलंय." वळकटी सोडून ते बाटल्या धोतरात गुंडाळू लागले. त्यांचा हात सराईत आहे. मी शेवटी टेबलाशी बसले आणि एक कागद लिहिला. तो त्यांच्या खिशात असेल. त्याची नक्कल तुला पाठवते, कारण काही वेडेवाकडे झाले तर तू ती घेऊन चौकीवर जायचे. मीही येईन. तिथला रस्ता मला ठाऊक आहे.

तुझी अक्का

नक्कल

चिंचवड, १५ सप्टेंबर १९५७

आज रोजी मी माझ्या घरातून खालील वस्तू श्री. रंगराव, राहणार बार्शी, यांच्या हवाली केल्या:

काळ्या बिअरच्या भरलेल्या बाटल्या, नऊ. अर्धी राहिलेली, एक. रिकाम्या, कपाटात होत्या तेवढ्या सर्व. पितळी पेला, एक. कपाटाची किल्ली.

या बाटल्या माझ्या आहेत. त्या मी परवान्यावाचून घरात ठेवल्या आणि त्यातले मीच प्याले. श्री. रंगराव यांचा त्यांत काही संबंध नाही. माझ्या सांगण्यावरून ते त्या नष्ट करण्यास नेत आहेत. कोणी अडवल्यास त्यांना सोडून माझ्याकडे यावे.

देणार: दुर्गाबाई जगदाळे, बी. ए., निवृत्त मुख्याध्यापिका, माजी अध्यक्षा, दारूबंदी प्रचार समिती.

घेणार: सही नाही. कागद पुढे केला तेव्हा म्हणाले, "मागच्या पंचनाम्यावर केली होती अक्का, तेवढी पुरे."